तिघींची सोबत

मंद्रूपहून सोलापूरला शिकायला जाणाऱ्या मुली विषय कसा निवडतात, हे कॉलेजच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नसतं. त्या आधी एसटीची गाडी निवडतात. मग त्या गाडीला सोबत कोण आहे ते बघतात. विषय त्यानंतर.

दीक्षा, गुरम्मा आणि फिरदोस यांनीही तसंच केलं होतं. बारावीपर्यंत गावात, बी.ए.ला सोलापूर. इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र असे तीन विषय तिघींनी घेतले, कारण त्यांचे तास सकाळी होते आणि दुपारची एकची गाडी सापडत होती. गुरम्माचे वडील शिवलिंगप्पा यांची अटच होती, जाताना तिघी आणि येताना तिघी. फिरदोसची आई चांदबी हिनं ती अट ऐकली, तिला ती पटली आणि तिनं ती आपल्या घरातही लागू केली. एकीचा तास लांबला तर तिघी थांबत. एकीचं पुस्तक वाचनालयात अडकलं तर तिघी रांगेत उभ्या राहत.

दीक्षाच्या घरी अट नव्हती. तिचे वडील सतीश अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत. रोज मोटरसायकलवरून जात, संध्याकाळी परत येत. लेकीला वाटेत घेऊन येणं त्यांना जड नव्हतं. पण तिघींची सोबत ठरली होती, आणि ठरलेली सोबत मोडायचं कारण नव्हतं. निदान पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तरी.

कारण निघालं सोमशेखर सरांच्या अर्थशास्त्राच्या तासाला.

सोमशेखर सर निवृत्तीला आले होते. ते कधी आवाज चढवत नसत. मागच्या बाकावर कुणी बोलू लागलं की ते खडू हातात धरून थांबत आणि त्याचं बोलून व्हायची खरोखर वाट बघत. मग विचारत, "झालं? आता मी बोलू?" एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमच्या गावच्या आठवडी बाजारात कांदा सकाळी महाग आणि संध्याकाळी स्वस्त. का?"

"शिळा होतो, सर," पुढून कुणीतरी म्हणालं.

"कोथिंबीर शिळी होते. कांदा एका दिवसात कसा शिळा होईल?"

 दीक्षाच्या डोळ्यांपुढे तिची आजी उभी राहिली. नागूबाई बाजाराला नेहमी दिवस कलल्यावर निघायची आणि लहानपणी दीक्षा तिच्याबरोबर जायची. शाळेतल्या मुली सकाळीच बाजार करून गेलेल्या असायच्या. तरी एखादी दिसेल म्हणून दीक्षा आजीच्या पदराआड चालायची. आपण गरीब आहोत म्हणून आपला बाजार उशिरा, एवढंच तिला कळत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मनातल्या मनात आजीकडं बघायचं सोडून विकणाऱ्याकडं बघितलं. हात वर केला.

"सर, त्याला माल परत न्यायचा नसतो. परत न्यायला टेम्पोत जागा लागते, त्याचं भाडं पडतं. म्हणून तो जाता जाता भाव सोडतो."

सरांनी खडू खाली ठेवला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आमची आजी टेम्पो निघायच्या वेळी बाजारात जाते."

"मग तिला विचार, ती तेव्हाच का जाते. आमच्या विषयाचा अर्धा अभ्यास असा विचारूनच होतो."

दीक्षानं घरी जाऊन विचारलं. नागूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "त्यात इचारायचं काय? टेम्पोवाला हॉर्न वाजवाया लागला की बागवान मऊ येतोय."

दीक्षा हसली, आजीही हसली. पण त्या दिवसापासून दीक्षाला गाव निराळं दिसू लागलं. ऊसतोडीच्या दिवसांत किराणा दुकानदार उधारी का बंद करतो, आईला शेतात पुरुषांपेक्षा कमी मजुरी का, पप्पांच्या कारखान्यात नवीन माग आले तेव्हा माणसं का कमी झाली, अशा रोजच्या गोष्टींच्या मागं काहीतरी असणार असं तिला वाटू लागलं. आणि ते काहीतरी सरांना ठाऊक असणार.

मोठ्या वर्गांचे अर्थशास्त्राचे तास दुपारी असत. तिघी गाडीसाठी पायऱ्या उतरत तेव्हा वरच्या खोलीत सरांचा तास सुरू होत असे. दीक्षा चप्पल नीट करायच्या निमित्तानं जिन्यात थांबायची. तिला पहिलं वाक्य ऐकू यायचं. "काम करायला हात आहेत, करण्यासारखं कामही आहे, तरी माणूस बेकार कसा राहतो, ते आज बघू." मग खालून फिरदोसची हाक यायची, "ए दीक्षा! गाडी काय तुझ्या सासऱ्याची हाय?" आणि दुसरं वाक्य राहून जायचं. सोरेगाव मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत ते दुसरं वाक्य स्वतःच रचून बघायची. ते कधीच पुरतं जमायचं नाही.

दुसऱ्या वर्षाला तीनपैकी एक विषय मुख्य घ्यायचा असतो. मुलं त्याला मेजर म्हणतात. मराठी आणि इतिहास घेणाऱ्यांचे तास सकाळी राहणार होते. अर्थशास्त्र घेणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं.

दीक्षानं सरळ हिशेब केला. तिघींनी अर्थशास्त्र घेतलं तर तिघी एका गाडीनं उशिरा येतील. अट मोडणार नाही. तिनं दोघींना गाडीतच शिकवायला घेतलं.

"हे बघ, भाव वाढला की माणसं कमी घेतात. म्हणून मागणीची रेघ वरून खाली येते."

"का येती खाली?" गुरम्मानं विचारलं.

"दमली आसंल," फिरदोस म्हणाली.

"गप गं. गुरम्मा, तू सांग, टोमॅटो महागला तर तुमच्या घरी काय होतं?"

"अप्पा म्हणत्यात, चिंच घाला."

"बरोबर! तेच तर!" दीक्षा एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या बाकावरचे आजोबा वळून बघू लागले.

गुरम्मा हे नाव तिच्या आजीचं होतं, म्हणून फिरदोस तिला 'आज्जी' म्हणून चिडवायची. "आज्जीला आता अर्थशास्त्र यायला लागलं," ती म्हणायची. आणि खरंच यायला लागलं होतं. दीक्षा एखादी गोष्ट चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायची, समोरच्या चेहऱ्यावर उजेड पडेपर्यंत सांगत राहायची. परीक्षेत गुरम्माला दीक्षाच्या खालोखाल गुण पडले. दोघी कबूल झाल्या. "तुला एवढं पायजे तर घेऊ की," गुरम्मा म्हणाली. "आमाला काय, बसायचंच हाय कुटंतरी," फिरदोस म्हणाली.

विषय सांगायला तिघी विभागात गेल्या. सोमशेखर सर प्रत्येकाला एकच विचारत होते, हा विषय का घ्यायचा आहे? दीक्षानं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं नाही, तिला ते आवरता आवरेना. सर हसून ऐकत राहिले. फिरदोस म्हणाली, "बँकेच्या परीक्षेला उपयोग होतो, सर." मग त्यांनी गुरम्माकडं बघितलं.

गुरम्माला खोटं बोलता यायचं नाही. "दीक्षासाठी," ती म्हणाली.

"आणि तुझ्यासाठी?"

गुरम्मानं खाली बघितलं. "इतिहास, सर. पण तास जुळत नाहीत."

सरांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "अजून चार दिवस आहेत. नावं मी आज घालत नाही."

 परतताना गाडीत दीक्षाला कॉलेजची हत्तरसंग-कुडलची सहल आठवली. सगळ्या मुली नदीवर पाय बुडवायला गेल्या होत्या आणि गुरम्मा देवळात शिलालेखासमोर एकटी उभी होती. एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवत होती. हाक मारली तर म्हणाली होती, "जाऊ की. हा माणूस काय म्हणतोय ते कळू दे." तेव्हा दीक्षाला गंमत वाटली होती. आता तिला कळलं, जिन्यात आपण जशा थांबतो तशीच ती तिथे थांबली होती.

"गुरम्मा, तू इतिहास घे," वडकबाळचा पूल आला तेव्हा दीक्षा म्हणाली.

"आणि तू?"

"मी बघते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दीक्षा शिवलिंगप्पांच्या शेतात गेली. ते तुरीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी बांधत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. आपण सकाळी वडिलांबरोबर जाऊ आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच येऊ. गुरम्मा इतिहास घेईल, फिरदोसला कुठलाही विषय चालतो, त्या दोघी एकच्या गाडीनं येतील. दोघी तर आहेतच की एकमेकींना.

शिवलिंगप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दोघी न्हाय चालायच्या, यव्वा."

"का, काका?"

"तिघीतली एक आजारी पडली तर दोघी ऱ्हात्यात. दोघीतली एक पडली तर एकटी ऱ्हाती. मग त्या दिवशी घरी बसवू? वर्सात किती दिवस बसवायचं?" मोळीला गाठ मारून ते उठले. "तू शिक की. तुला कोण अडवतंय? पण मग आमची न्हाय जायची. आणि आमची न्हाय तर रहिमतुल्लाभाईची फिरदोस तरी एकटी कशी जाईल?"

ते रागानं बोलत नव्हते. दीक्षाला त्यांच्या बोलण्यात चूक सापडेना. आपल्याला अर्थशास्त्र मिळेल तेव्हा दोन मैत्रिणींचं कॉलेज बंद होईल, एवढंच त्यातून निघत होतं. ती बांधावरून परत आली. विषय सोडून द्यावा असं तिनं वाटेतच ठरवलं. मराठीही वाईट नव्हतं. मराठी तिला आवडायचं. घर येईपर्यंत तिनं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा मोडलं.

वस्तीच्या तोंडाला फुलाबाईंचं घर होतं. त्यांची मुलगी धम्मप्रिया ओट्यावर टॉवेलांच्या गठ्ठ्यात बसून निघालेले दोरे कापत होती. कारखान्यातून असे गठ्ठे घरी आणून साफ करून द्यायचं काम वस्तीत बऱ्याच जणी करत. धम्मप्रिया दीक्षाहून लहान, पण गेल्या वर्षी तिघींबरोबरच बारावी झाली होती. रोज सकाळी तिघी याच ओट्यापुढून गाडीला जात. ती मान वर करून हसायची, त्या हसायच्या, आणि पुढे जायच्या. दीक्षा आज पहिल्यांदा थांबली.

"तू पुढं का नाही शिकत गं?"

धम्मप्रियानं कात्री थांबवली. आत चुलीपाशी बसलेल्या फुलाबाईच बोलल्या, "सोबत कुटं हाय तिला? गेल्या साली म्हणत हुती, तुमच्यात जाती म्हणून. मीच म्हणलं, त्येंची तिघींची जमलेली हाय. तू कशाला मधी घुसतीस?"

"असं कोण म्हणालं, मावशी? आम्ही नको म्हणालो नसतो."

"नको कशाला म्हणताल? पन या बी कुटं म्हणला?"

दीक्षा ओट्यावर बसली. गठ्ठ्यातला एक टॉवेल उचलून तिनं उगाच घडी घातली, परत उलगडली. तिघींना वाटायचं, आपल्याला आपण तिघी पुरतो. बाहेरून बघणाऱ्याला ते दार लावल्यासारखं दिसत होतं, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"धम्मप्रिया, कॉलेजला येतेस? या जूनपासून? गुरम्मा आणि फिरदोस आहेत. तू तिसरी."

"आणि तुमी, ताई?"

"माझे तास दुपारचे आहेत."

पोरीच्या चेहऱ्याकडं बघून दीक्षाला पुढचं काही समजावून सांगायची गरज पडली नाही. समजवावं लागलं ते फुलाबाईंना. त्याला दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी नागूबाईही येऊन बसली. "दोरं काय, आल्यावर बी कापती," ती म्हणाली. "माज्या नातीनं एवढी मिन्नत केली ती काय उगंच?" शिवलिंगप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "रोज जाईल न्हवं? मधीच सोडायची न्हाय." मग म्हणाले, "बरं. तिघी झाल्या की."

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी दुपारी तिघी पायऱ्या उतरल्या आणि दीक्षा जिन्यात उभी राहिली. फिरदोसनं सवयीनं वर बघून हाक मारायला तोंड उघडलं आणि मग नुसता हात हलवला. धम्मप्रियाची नवी ओढणी खांद्यावरून सारखी घसरत होती. गुरम्मा ती सारखी करून देत होती. फाटकापर्यंत त्या दिसल्या. दीक्षा वळून वर गेली.

वर्गात मोजकी मुलं होती. सर आले, फळा पुसला आणि म्हणाले, "पैसा म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं." दीक्षानं सवयीनं जिन्याकडं कान दिला. "म्हणूनच ते विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. आज विचारू." हे दुसरं वाक्य होतं. त्यामागून तिसरं आलं, चौथं आलं, आणि तिला कुठे जायचं नव्हतं. तास संपला तेव्हा तिला वाटलं, आत्ताच तर बसलो.

तसे खूप तास झाले. ती प्रश्न विचारायची, सर तिलाच उलटा प्रश्न विचारायचे. सकाळी ती आता वडिलांच्याच मोटरसायकलवरून येई आणि संध्याकाळी ते कॉलेजच्या कोपऱ्यावर येत. मागं बसून ती दिवसभराचं सांगू लागे, पण हेल्मेटमधून त्यांना ऐकू येत नसे. ते मोठ्यानं विचारत, "काय म्हणलीस?" आणि ती म्हणे, "काही नाही, पप्पा. पुढं बघा." मग बोलायचं ते सगळं घरापर्यंत तसंच राही. घरी आल्यावर तिघींकडं जावं असं वाटे, तोवर अंधार पडलेला असे. रविवारी भेट व्हायची, पण रविवारी गुरम्माच्या घरी धुणं असे आणि चांदबी फिरदोसला सोडत नसे. गप्पा तर गाडीतच व्हायच्या. आणि गाडी तर एकची होती.

श्रावणातल्या एका दिवशी सर परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी गेले होते. तास नव्हते. फलक वाचला तसं दीक्षाला एकदम हलकं वाटलं. ती स्टँडकडं जवळजवळ पळतच निघाली. वाटेत तिनं शेंगांची पुडी घेतली. काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं.

गाडी लागलेली होती आणि भरलेली होती. मधल्या बाकावर तिघी बसल्या होत्या. फिरदोसनं तिला पहिल्यांदा बघितलं. "अगं बाई! मॅडम आल्या! आज बँका बंद हायत व्हय?"

"सर नाहीत आज."

"तरीच. न्हायतर आमी कुटं आठवायला?"

दीक्षा हसली. धम्मप्रिया लगबगीनं उठली. "ताई, तुमी बसा की. मी ऱ्हाते हुबी."

"नको गं. बस तू."

"न्हाय, खरंच बसा. पावण्या माणसाला हुबं ठेवायचं व्हय?"

ती मनापासून म्हणत होती. दीक्षानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. शेंगा दिल्या. गाडी निघाली. दाराकडून कंडक्टर तिकिटं फाडत येऊ लागला तशी फिरदोस हळूच म्हणाली, "आले गं, आले वाघ." आणि तिघी तोंडावर ओढणी धरून हसू लागल्या.

"कोण वाघ?" दीक्षानं विचारलं.

"अगं, ते…" गुरम्मा सांगू लागली आणि तिला परत हसू आलं. "हा नवा आलाय. तू असताना दुसरा हुता. त्येचं काय झालं की, गेल्या महिन्यात सोरेगावला एक म्हातारी…" मधेच धम्मप्रियानं म्हातारीचा आवाज काढला आणि गोष्ट तिथेच हसण्यात बुडाली. दीक्षाही हसली. गोष्ट तिला कळली नव्हती. ती पुरती कळावी म्हणून विचारायचं तर चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारावं लागलं असतं, आणि तेवढ्यात कंडक्टर जवळ आला.

तिला सांगायचं होतं की सरांनी पैशाबद्दल काय विचारलं. गुरम्मा नव्या बाईंनी दाखवलेल्या ताम्रपटाबद्दल सांगत होती. धम्मप्रियाला त्यातलं बरंच ठाऊक होतं आणि ती मधेमधे आठवण करून देत होती. दीक्षा ऐकत राहिली. गुरम्माचा चेहरा किती मोकळा झालाय हे तिला दिसत होतं. तिला बरं वाटत होतं, आणि गाडी संपू नये असंही वाटत होतं.

"उद्या हाय का तास?" गुरम्मानं विचारलं.

"आहे."

"मग उद्या न्हाईस."

"नाही."

रस्ता खराब होता. दीक्षा एका हातानं वरचा दांडा धरून दुसऱ्या हातानं खांद्यावरून घसरणारी बॅग सावरत होती. गुरम्मानं ते बघितलं. "आण हिकडं," ती म्हणाली, आणि गाडीत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाचं ओझं बसलेला माणूस घेतो, तशी तिनं दीक्षाची बॅग घेऊन आपल्या मांडीवर ठेवली.